दुर्जय मेलेला नाही

आमचे गणिताचे मास्तर कोणाच्याही मरणावर सहजासहजी विश्वास ठेवत नसत. एखादं पोरगं ‘आजी वारली, दोन दिवस सुट्टी मिळावी’ अशी चिठ्ठी घेऊन आलं, की मास्तर कोटाच्या खिशातून एक मळकी वही काढत. त्या वहीत आमच्या कामरगावच्या शाळेतल्या पोरांच्या आज्या, काका, मावश्या तारीखवार मरून पडलेल्या होत्या. एकाची आजी तीन वर्षांत चार वेळा गेली होती. चौथ्यांदा गेली तेव्हा मास्तरांनी सायकल काढली आणि थेट त्याचं घर गाठलं. आजी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती.

“तुमी परवा वारल्या,” मास्तर म्हणाले.

“काय सांगता? मंग आता आलेच तं च्या घेऊन जा,” आजी म्हणाली.

मास्तर चहा प्यायले, दूध कमी आहे असंही सांगून आले. दुसऱ्या दिवशी त्या पोराला फळ्यापाशी उभं करून म्हणाले, “तुझी आजी जिवंत आहे. पुरावा असा की मी तिच्या हातचा चहा प्यालो.” वर्गात ते असं छापील बोलत. शाळेचं फाटक ओलांडलं की त्यांची वऱ्हाडी सुरू.

गावातले लोक हा किस्सा सांगताना इथं थांबतात आणि हसतात. मला मात्र पुढचंही माहीत आहे. नववीतली एक मुलगी चार दिवस आली नाही, आणि निरोप आला की तिचा बाप गेला. मास्तरांनी सवयीप्रमाणे सायकल काढली. दारात तिरडी बांधणं चाललं होतं. मास्तरांनी सायकल बाभळीला टेकवली, कोट काढून सायकलवर टाकला आणि लाकडं वाहायला लागले. त्या मुलीला पुढं वर्षभर त्यांनी एकदाही फळ्यापाशी बोलावलं नाही. वही मात्र खिशात राहिलीच.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले ती सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. माझं गाव रिसोड. पहिली नोकरी, एकटी मुलगी, म्हणून बाबा स्वतः जागा बघायला आले आणि भावकीतल्या ओळखीनं मास्तरांच्या घरातली पुढची खोली मिळाली. बाबांनी विचारलं, “पोरीले संभाळसान ना?” मास्तर म्हणाले, “संभाळीन म्हनून सांगू शकत नाही. प्रयत्न करीन.” बाबांना हा माणूस तऱ्हेवाईक वाटला. परतीच्या एसटीत बसेपर्यंत ते मला दुसरी खोली बघ म्हणत होते. मी बघितली नाही, कारण मास्तरांच्या बायकोच्या हातचं पिठलं मी तोवर खाल्लं होतं.

तिला मी वहिनी म्हणायचे. दीड वर्षाचं एक लेकरू कडेवर, तोंडाने सतत बडबड आणि नवऱ्याकडे बघून कपाळावर आठी. ती आठी काही रागाची नव्हती. या माणसाबरोबर नांदायचं म्हणजे दिवसातून दहा वेळा पुरावा द्यावा लागे. दूधवाला म्हणाला पाणी घातलं नाही, की मास्तर म्हणत “सिद्ध कर.” वहिनी म्हणाल्या मीठ घातलं, की मास्तर चाखून बघत. मी म्हणाले मला बरं वाटत नाही, की लगेच मनगट पकडून घड्याळात बघत नाडी मोजत. भाकरीचे चार सारखे तुकडे केल्याशिवाय ते जेवत नसत आणि एखादा तुकडा मोठा झाला, तर तो आधी खाऊन टाकत, जणू ती चूक कोणाच्या नजरेस पडायला नको.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. मला विचाराल तर मास्तर भित्रे होते. बाजाराच्या दिवशी मला यायला अर्धा तास उशीर झाला, तर ते एसटी थांब्यावर येऊन उभे राहत आणि मी दिसले की तोंड फिरवून भाव विचारत वांग्याच्या ढिगापाशी जात. लेकराला खोकला झाला की वहिनी काढा करायच्या आणि मास्तर उगाच अंगणात येरझाऱ्या घालायचे. मास्तरांची स्वतःची आई लहानपणी गेलेली. दहा वर्षांनी धाकटी बहीण शांता, तिला त्यांनीच कडेवर वाढवलं. स्वतः शाळेत जाताना तिला सोबत नेत, तिथले गुरुजी तिला दाराबाहेर बसवत आणि तिथं बसल्या बसल्या तिचे पाढे पाठ झाले. सतराव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती मानोऱ्यापलीकडच्या खेड्यात गेली. तिच्याविषयी बोलताना मास्तर पुरावा मागत नसत. तिची चिठ्ठी आली, ‘मी खुशाल’ असं लिहिलेलं असलं, की ते निमूटपणे मान्य करत. ही सूट घरात दुसऱ्या कोणाला नव्हती.

आता दुर्जयविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी मुंबईहून येणारं एक साप्ताहिक पोस्टानं मागवत असे. शनिवारी यायचं. त्यात एक अद्भुत कादंबरी क्रमशः चालू होती. जादूचं राज्य, बोलणारे दगड, आरशातून जाणारे घोडे, सगळा मालमसाला. त्यातला दुर्जय नावाचा सरदार सगळ्यांचा लाडका. राजा मूर्ख होता, राजपुत्र त्याहून मूर्ख, आणि राज्य जे काही टिकलं होतं ते दुर्जयच्या जिवावर. माझा एक अंक पंधरा माणसं वाचत. शिक्षकखोलीतून तो शिपाई नामाजीच्या हातात जाई. नामाजीला वाचता येत नसे, म्हणून तो मला गोष्ट सांगायला लावी आणि मग स्वतः तीच गोष्ट तिखटमीठ लावून अर्ध्या गावाला सांगे.

मास्तर म्हणायचे की ते तो अंक फक्त चुका काढायला वाचतात. घोडा एका प्रहरात इतके कोस गेला तर त्याचा वेग किती, असं काहीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवत. माझ्या अंकावर लिहू नका असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं, कारण अंक त्यांच्याकडे सगळ्यात आधी जायला लागला होता, आणि तो कसा जातो हे मलाच कळत नव्हतं.

एका शनिवारी दुर्जय एका मंतरलेल्या तलावात उतरला, राजाचा हरवलेला मणी काढायला. तो तळाशी गेला आणि वरचं पाणी गोठून दगड झालं. वर फक्त त्याचा शेला राहिला. काठावर राणीपासून हत्तीच्या माहुतापर्यंत सगळे छाती पिटून रडले. खाली ‘क्रमशः’.

सोमवारी शाळेत दोन तट पडले. इंग्रजीचे सर म्हणाले, लेखकाला दुर्जयचा कंटाळा आला, मारून टाकला, विषय संपला. मास्तर खडू घेऊन वर्गावर निघून गेले. मधल्या सुट्टीत मी दहावीच्या वर्गात गेले तर फळ्यावर भूमितीच्या प्रमेयासारखं मांडलेलं होतं. पक्ष: दुर्जय तलावात आहे. साध्य: दुर्जय जिवंत आहे. सिद्धता: एक, लेखकाने ‘मेला’ हा शब्द एकदाही लिहिलेला नाही, ‘नाहीसा झाला’ असं लिहिलं आहे. दोन, प्रेत मिळालेलं नाही. तीन, काठावरचे लोक फार रडले. खरंच कोणी गेलं की पहिल्या दिवशी माणसं इतकी रडत नाहीत. लाकडं आणा, पाणी तापवा, अमक्याला निरोप धाडा, यातच दिवस जातो.

तिसरा मुद्दा वाचून मला हसू येईना. तो गणिताच्या पुस्तकातला नव्हता.

तीन आठवडे कादंबरी दुसऱ्याच भानगडीत रमली आणि दुर्जयचं नाव निघेना. तिकडे आमच्या शाळेत दुसरा विषय नव्हता. तलावाच्या पोकळीत हवा किती वेळ पुरेल याचं उदाहरण मास्तरांनी सहामाहीच्या पेपरात घातलं. एका हुशार मुलाने उत्तर काढलं, दोन दिवस. मास्तरांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, ‘रीत बरोबर. उत्तर मान्य नाही.’

नामाजीचा तर्क सगळ्यांत निराळा. एक दिवस घंटा देऊन तो शिक्षकखोलीच्या दारात टेकला आणि म्हणाला, “तुमी शिकले सवरले लोकं, पन साधी गोष्ट ध्यानात येऊन नाही राह्यली. त्या दुर्जयले कावळा शिवला असंल.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, चिडले.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या अंगाला कावळा शिवला, पंख जरी लागला, तरी ती मरणाची खूण समजत. त्यावर उतारा असा, की त्या माणसाच्या नातलगांना तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यांनी तो खरा मानून रडायचं. रडणं झालं की मरणाची भूक भागली, ते परत जातं. मग दुसरा निरोप धाडायचा, की घाबरू नका, माणूस धडधाकट आहे. बाईला कावळा शिवला तर निरोप माहेरी जायचा. यात एकच अट होती. रडणं खरं हवं, आणि रक्ताच्या माणसाचं हवं.

मास्तर नामाजीवर तुटून पडले. असल्या थोतांडानेच आपली माणसं बुडाली, म्हणाले. मास्तरांचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि घरातले देव त्यांनी नदीत सोडले होते. मास्तरांनी त्यापुढं जाऊन भावकीतल्या जुन्या चाली एकेक करून बंद पाडल्या. नवस बंद, अंगारा बंद. सवाष्ण बाई गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवायची रीत, तीही बंद, पांढरं वस्त्र पुरे. त्यासाठी त्यांनी म्हाताऱ्या बायांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. “राजाच्या सरदाराला कावळा शिवला म्हणे,” ते म्हणाले. “पुरावा काय?”

“पुरावा काय राह्यते, सर,” नामाजी म्हणाला. “मले बी शिवलता कावळा. मायी बहीन रडली, म्हनून मी घंटा वाजवून राह्यलो.”

घरी वहिनींना हा सगळा प्रकार मुळीच आवडत नव्हता. “रोज रोज कोनाच्या मरनावर बोलू नये,” त्या मला चुलीपाशी म्हणायच्या. “मरन आपलं नाव आयकलं की घर पाह्यले येते.” मी शिकलेली, मी हसायचे. पण पुढच्या शनिवारची वाट बघताना मीही कॅलेंडरवर दिवस खोडायला लागले होते. गोष्टीतल्या माणसासाठी इतका घोर लावून घेणं हा वेडेपणाच. तसा तो होताच, आणि आम्ही सगळे त्यात होतो.

दुर्जयचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकायला नको. महिन्याभराने तो परत आला. एका प्रकरणात सहज दरवाजातून आत आला आणि जेवायला बसला. दगडातून कसा सुटला याबद्दल एक ओळ नाही. शाळेने मास्तरांचा जयजयकार केला, आणि मास्तर मात्र संतापले. “हे उत्तर आहे, रीत कुठंय?” म्हणून त्यांनी लेखकाला सहा पानी पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या चौथ्या शनिवारी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. सुटून आम्ही घरी पोचलो तेव्हा पोस्टमन दारातच होता. त्याने अंक दिला. मास्तरांनी हात पुढं केला तसं त्याने वेष्टनाखाली धरलेलं एक कार्डही दिलं आणि नेहमीसारखं पाणी न मागता निघून गेला. कार्ड तो वाचून आला असावा.

कार्ड मास्तरांच्या मेव्हण्याचं होतं. दोन ओळी. ‘शांता सोमवारी वारली. कळावे.’

वहिनींनी ओटीवरच हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावत आल्या. मास्तर मात्र कार्ड घेऊन उजेडात गेले आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग वळून म्हणाले, “यात कारन लिहिलं नाही.”

शेजारणींनी वहिनींना धरून खाली बसवलं.

“दुखनं लिहिलं नाही. वेळ लिहिली नाही. माती कवा दिली ते लिहिलं नाही. लवकर या असं बी लिहिलं नाही.” त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. “बाई, तुमी अक्षर पाहा. ज्याची बायको मेली त्याचा एक काना हालत नाही?”

“तो मानूसच दगड हाय,” वहिनी रडता रडता म्हणाल्या.

“तिले कावळा शिवला असंल,” मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ज्या माणसाने जन्मभर या गोष्टींशी भांडण मांडलं, तो आता मनापासून इच्छीत होता की आपल्या बहिणीच्या सासरी अजून तरी कोणी अडाणी उरलं असावं. त्यांचा आवाज अगदी शांत होता. तो शांत आवाजच मला सहन होईना.

वहिनींचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. “कावळा शिवला असंल तं तुमी रडा,” त्या म्हणाल्या. “मी परक्याची लेक. माया रडन्यानं काय होते? तिचं रक्ताचं तुमीच हा. रडा.”

“मेलीच नाही तं रडू कायले?”

“नाही मेली म्हनूनच रडा. तुमी नाही रडले तं ते मरन तिच्या दारात बसून राहीन.”

मास्तरांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. त्यांची कोंडी मला तेव्हा कळली. रडावं तर बहीण गेली हे मान्य केल्यासारखं, आणि न रडावं तर उतारा पुरा होत नाही, मरण तिथंच राहतं. ते हे सगळं थोतांड मानत होते, मान्य. पण त्यांची सगळी आशा त्याच थोतांडावर टांगलेली होती, मग त्यातला अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा असं कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटून प्रयत्नही केला, हे मी बघितलं. चेहरा ताणला, ओठ दाबले. पाणी आलं नाही.

दोनच्या एसटीने आम्ही निघालो. लेकराला धरायला मी सोबत गेले. कारंज्यापर्यंतच्या वाटेत मास्तर खिडकीशी बसून साप्ताहिकाच्या वेष्टनावर पेन्सिलीने मांडत होते. अंक आत तसाच बंद होता. दुर्जयचं काय झालं हे बघायची कोणालाच शुद्ध नव्हती. मी वाकून वाचलं. पक्ष: कार्ड सोमवारचं. साध्य: शांता जिवंत आहे. खाली मुद्दे होते, पाच की सहा. मग एक रेघ, आणि रेघेखाली एकच ओळ, ‘दुसरं कार्ड आलेलं नाही.’ खोटा निरोप असता तर दुसऱ्याच दिवशी खरा निरोप निघायला हवा होता, आणि तिकडचं टपाल दोन-तीन दिवस साठून एकदम येई, म्हणजे तोही आजच्याच टपालात यायला हवा होता. त्या ओळीपुढं त्यांची पेन्सिल सरकत नव्हती.

“रडा ना हो,” वहिनी अधूनमधून हळूच म्हणत. समोरच्या बाकावरची म्हातारी बघायची. तिला वाटलं असेल, या बाईचं काहीतरी बिनसलंय, नवऱ्याला रडायला सांगते.

कारंज्याला गाडी बदलायची होती आणि मानोऱ्याची गाडी यायला वेळ होता. “लेकरासाठी केळं पाहातो,” म्हणून मास्तर पिशवी घेऊन गेले ते बराच वेळ आले नाहीत. गाडी लागली, माणसं चढायला लागली, तरी पत्ता नाही. वहिनी मला म्हणाल्या, “बाई, हे कुठी जाऊन रडत तं नसतील?” त्या असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात आशा होती. ड्रायव्हर जागेवर बसला तेव्हा मास्तर घाईघाईने आले. पिशवीतून केळ्यांची फणी डोकावत होती. डोळे कोरडेच होते.

मानोऱ्यापुढं पायवाटेनं दीड कोस. उन्हं कलली होती. कापूस वेचून परतणाऱ्या बाया वाटेत भेटत होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. वहिनी विचारायला तोंड उघडत आणि मास्तर भरभर पुढं जात. गाव दिसू लागलं, तसे त्यांचे पाय मंदावले. नाल्यापाशी एका दगडावर ते बसले आणि उठेचनात.

“चला ना,” वहिनी म्हणाल्या.

“बाई,” मास्तर मला म्हणाले, “तुमी पुढं जाऊन पाहून या.”

“मी? मी तर शांताबाईंना ओळखतही नाही.”

“म्हनूनच.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “मी पाह्यलं की सिद्ध होऊन जाईन. मले आज सिद्ध नाही करायचं.”

मी त्यांच्यावर कितीदा चिडले असेन, हसले असेन. त्या घडीला मात्र मला त्यांची अतोनात दया आली. लेकरू वहिनींकडे देऊन मी निघाले. दोन गल्ल्या ओलांडल्या. एका पोरीने घर दाखवलं. दारात पादत्राणांचा ढीग नव्हता. पण पाच दिवसांनी तो असतोच असं नाही, हेही मनात आलं. मास्तरांची रीत मलाही लागली होती.

अंगणात एक बाई सुपात ज्वारी पाखडत होती. पंचविशीची असेल. जाऊ असेल, नणंद असेल, कोणीही असेल.

“शांताबाईंचं घर हेच का?” मी विचारलं.

“हो. तुमी कोन?”

“मी कामरगावहून आले. शांताबाई…” पुढचं वाक्य मला जुळवता येईना.

“मीच तं,” ती बाई म्हणाली. सूप तिने खाली ठेवलं. “कामरगावहून? दादाले काही झालं का?”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. उलट पावली पळत सुटले एवढं आठवतं. नाल्याच्या अलीकडूनच मी हात वर करून हलवला. वहिनी लेकराला घेऊन धावत आल्या. मास्तर मागून येत होते, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखे.

सोमवारी खळ्यावर कावळा शिवला होता. सासूबाईंनी तिथल्या तिथं लेकाला कार्ड लिहायला बसवलं. त्यांनीही नवऱ्याच्या शब्दावर देव नदीत सोडले होते, पण कावळा सोडायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मेव्हण्यांनी दुसरं कार्डही मंगळवारी लिहून मानोऱ्याला जाणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती दिलं. शेजारी बाजार करून परत आला, आणि कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात तसंच. ते सगळं आम्हाला नंतर कळलं. मास्तर अंगणात आले तेव्हा शांताबाई तिथंच उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली त्यांच्या पायांकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं.

“दादा,” शांताबाई म्हणाल्या, “तू रडला ना?” सासूकडे मान वळवून त्या पुढं म्हणाल्या, “मामीनं मले दहादा इचारलं, तुया भाऊ रडला असंल का म्हनून. मी म्हनलं, तो कार्डच तपासत बसला असंल.”

तेव्हा मास्तर रडले. दाराच्या चौकटीला धरून, तोंड न झाकता, मोठ्याने रडले. सासूबाई, मेव्हणे, शेजारची पोरं, सगळी बघत उभी राहिली. शांताबाई जवळ गेल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. “आता रडून काय उपेग,” त्या म्हणाल्या. “दुपारी रडाचं होतं.” असं म्हणाल्या आणि स्वतःच डोळ्याला पदर लावला.

लेकराला केळं द्यावं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला. फणी काढली. फणीखाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांना वाटलं असेल, खाऊ. त्यांनी सुतळी सोडली.

हिरवं लुगडं होतं. कोरं.

अंगणातल्या प्रत्येक बाईला ते काय आहे ते कळलं. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. वाटभर वेष्टनावर पेन्सिल चालवणारा हा माणूस कारंज्याच्या बाजारात कशासाठी गेला होता, ते आम्हाला तेव्हा समजलं. ज्या रीतीविरुद्ध म्हाताऱ्यांशी भांडला होता, ती रीत बहिणीच्या बाबतीत मोडायची त्याची हिंमत झाली नव्हती. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला आणि मान वर केली नाही.

“ठेव ते, घरात नको नेऊ,” सासूबाई पुटपुटल्या.

शांताबाई लुगडं घेऊन आत गेल्या. चुलीवर भाजी टाकल्याचा वास आला, भाकरी थापल्याचा आवाज आला. पानं मांडली आणि वाढायला त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी ते लुगडं नेसलं होतं. कोरं असल्यामुळे चालताना सळसळत होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

“माहेरचं हाय, मामी,” शांताबाई म्हणाल्या. “नेसवाले कोनाची वाट कायले पाहू? माये हात हायेत ना.”

त्यांनी मास्तरांच्या पानात भाकरी वाढली आणि तिथंच बसून लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून बघितला.

“रुईफुलाचा काठ,” त्या म्हणाल्या. “मायाच आवडीचा आनला. तुले त्या वक्ती बी आठोला, दादा?”

“दुकानात तेवढाच होता,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पाणी मागितलं.